मुक्ताची फाएआ

न्यूझीलंडहून परत आल्यापासून वेंगुर्ल्यात जो भेटतो तो आधी विचारतो, तिथला समुद्र कसा आहे. मी सांगते, निळा आहे, स्वच्छ आहे आणि अंगावर काटा येईल इतका थंड आहे. मग विचारतात, मुक्ता कशी आहे. बरी आहे, मी म्हणते. दोन्ही उत्तरं खरी आहेत. पण मी काही नुसता समुद्र बघायला गेले नव्हते, आणि खरं सांगायचं तर नुसती मुलीला बघायलाही गेले नव्हते. मला एक बाई बघायची होती. गेली काही वर्षं मी तिचा हेवा करत होते.

मुक्ता माझी एकुलती एक. फार्मासिस्ट आहे. लग्न होऊन नवऱ्याबरोबर ऑकलंडला गेली आणि तिला पहिली नोकरी मिळाली ती थेट उत्तरेच्या टोकाला, कायताया नावाच्या छोट्या गावातल्या औषधांच्या दुकानात. नवरा ऑकलंडला, ही तिकडे. त्यात ते लग्न मोडलं. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. फोनवर तिने इतक्या शांत आवाजात सांगितलं की जणू पत्ता बदलल्याचं कळवतेय. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. असा शांत आवाज मी पुष्कळ ऐकलाय. म्हटलं, मी येते. तर म्हणाली, "नको आई, मी ठीक आहे. इथे फाएआ आहे ना."

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"फाएआ म्हणजे?"

"म्हणजे मावशीसारखं गं. माओरी लोक मोठ्या बाईला म्हणतात. मी तिच्याकडेच राहते सध्या."

पुढे एकदा मी फोनवर त्या शब्दाचा अर्थ शोधला. मावशी हा अर्थ होता, पण त्याच्या आधी दुसरा दिला होता: आई.

मग प्रत्येक व्हिडिओ कॉलमध्ये मुक्ताच्या मागे त्या बाईच्या स्वयंपाकघरातले पिवळे पडदे दिसायचे. फाएआने ब्रेड तळला. फाएआ म्हणते आज वारा पडेल. पुढे मुक्ता बदली घेऊन ऑकलंडच्या न्यू लिन भागात राहायला आली, तरी जोडून सुट्टी आली की गाडी काढून उत्तरेला. वेंगुर्ल्याला यायला मात्र तिला रजा मिळत नसे. म्हणून या वर्षी मीच निघाले. नवरा आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत बाग सोडून हलणार नव्हता. तो म्हणाला, "जा, आणि भांडू नकोस कुणाशी." मी काही बोलले नव्हते, तरी त्याला कळलं होतं.

न्यू लिन

विमानतळावर माझी आमसुलं एका तरुण अधिकाऱ्याने उन्हात धरल्यासारखी वर धरून बघितली. मी फॉर्मवर सगळं खरं लिहिलं होतं. "हे फळ आहे का?" "होतं," मी म्हटलं. "आता वाळलंय." त्याने वास घेतला, हसला आणि पिशवी परत दिली. मालवणी मसाल्याचा वास घ्यायला त्याला मीच मना केलं.

मुक्ताचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, नीटनेटकं. फ्रिजवर एक फोटो चिकटवलेला होता. पांढऱ्या केसांची एक रुंद खांद्यांची बाई, हनुवटीवर हिरवट गोंदण, हातात मासा, आणि शेजारी वाऱ्याने केस विस्कटलेली मुक्ता. आमचा फोटो कुठे आहे ते मी शोधलं. तो झोपण्याच्या खोलीत होता, चांगल्या फ्रेममध्ये. पण माणूस दिवसातून फ्रिज किती वेळा उघडतो आणि झोपण्याच्या खोलीतल्या भिंतीकडे किती वेळा बघतो, हा हिशोब माझ्या डोक्यात झालाच.

न्यू लिन मला आवडलं. रविवारी सकाळी बसस्टॉपजवळ सामोआच्या बायका पांढरेशुभ्र कपडे आणि पांढऱ्या हॅट घालून चर्चला निघाल्या होत्या. काय त्यांचा डौल. पलीकडे चिनी बेकरी, तिच्या शेजारी आपलं वाणसामानाचं दुकान. तिथे कढीपत्ता मिळाला आणि खोवलेला नारळही मिळाला, बर्फात गोठवलेला. मी दोन पाकिटं घेतली. मुक्ता म्हणाली, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "असू दे, लागेल." त्या बाईच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी माझ्या हातचं काहीतरी करणार, हे मी वेंगुर्ल्यालाच ठरवलं होतं.

दुपारी मुक्ताने एका पुणेकर कुटुंबाला जेवायला बोलावलं होतं. त्यांचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा. मी त्याला विचारलं, "आमटी आवडली का रे? अजून वाढू?" तर तो म्हणाला, "हीप्स, प्लीज." त्याच्या आईने लाजून सांगितलं, पुष्कळ वाढा म्हणतोय. त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघत नाही. मला त्या आईची दया आली आणि लगेच वाटलं, दया कसली करतेस, तिचं पोर निदान तिच्या ताटाशी बसलंय.

वायपू, मंगोनुई

उत्तरेकडे निघालो तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं. रस्ता टेकड्यांमधून वर चढतो आणि एकदम खाली समुद्र दिसतो, परत लपतो. मी कोकणातली, मला समुद्राचं कौतुक कुणी सांगू नये. पण मैलोन्‌मैल किनारा आणि त्यावर एक प्लास्टिकची पिशवी नाही, हे बघून मला त्या देशाचाही राग आला. आमच्याकडे काय वाळू कमी सुंदर आहे?

वायपू नावाच्या गावात थांबलो. तिथल्या लोकांचे पूर्वज स्कॉटलंडहून आधी कॅनडाला गेले, तिथे त्यांचं जमेना म्हणून पुन्हा जहाजात बसून जगाच्या या टोकाला आले. एका हॉलच्या बाहेर पोरी-पोरं बॅगपाइपचा सराव करत होती. आमच्या सनईच्या मानाने कर्कश, पण त्या आवाजात काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं होतं. चहाच्या दुकानातल्या आजीबाईंनी मला विचारलं, मी कुठली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुलगी इकडे असते? मग तुम्हीही या. आमचीही सगळी माणसं एकामागोमाग एक अशीच आली." त्यांनी मुक्ताकडे बघितलं आणि मला शाबासकी द्यावी तशा हसल्या. त्या क्षणी मला बरं वाटलं. तेवढ्यात मुक्ताचा फोन वाजला. "येस फाएआ, वायपूला पोचलो. आई मस्त आहे. स्वीट ॲज." म्हणजे तिथल्या बोलीत, सगळं झकास.

त्या दुपारी मंगोनुईला पाण्यावर बांधलेल्या दुकानात तळलेला मासा आणि बटाटे खाल्ले, कागदातूनच. मासा ताजा, कुरकुरीत. मीठ सोडून त्यात काहीही नव्हतं. पाय पाण्यावर सोडून बसलो होतो. शेजारी पोरं धक्क्यावरून धपाधप उड्या मारत होती. एक सत्तरीची बाई पोहण्याचा पोशाख घालून, टॉवेल खांद्यावर टाकून आली, शिडीने उतरली आणि सरळ पोहत गेली. कुणी वळून बघितलं नाही.

समुद्राच्या काठावर माझं आयुष्य गेलं. तिसऱ्या, मुळे असल्या शिंपल्या काढायला गुडघाभर पाण्यात मी पोरवयापासून उतरत आले, पण साडी वर खोचून. पोहायला मला कुणी शिकवलं नाही आणि मी मागितलंही नाही. मुक्ताला मात्र मी हट्टाने शिकायला लावलं होतं, तिच्या वडिलांच्या पाठीवर बसवून, मग दोर बांधून.

"तू पोहून ये की," मी तिला म्हटलं. "टॉवेल आहे गाडीत."

"आज नको," ती म्हणाली आणि कागदातले बटाटे वेचत राहिली.

आहिपारा

कायतायाच्या वेशीवर स्वागताची पाटी तीन भाषांत आहे: माओरी, इंग्रजी आणि क्रोएशियन. मुक्ताने कारण सांगितलं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून तरुण माणसं इकडे आली, जमिनीत गाडलेला झाडांचा डिंक खणून काढायला. बायका बरोबर नव्हत्या. त्यांनी इथल्या माओरी मुलींशी लग्नं केली. फाएआचा नवरा अशाच एका घरातला. तो जाऊन बरीच वर्षं झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या आहिपारा गावातल्या त्याच्या घरात ती एकटीच राहते.

घर लाकडी, पत्र्याच्या छपराचं. पिवळे पडदे मी लांबूनच ओळखले. हुहाना, हे तिचं नाव, पायऱ्या उतरून आली. मी हात जोडले. ती हात धरून जवळ आली, कपाळ माझ्या कपाळाला आणि नाक नाकाला टेकवलं. ही त्यांची भेटायची रीत. मला मुक्ताने सांगून ठेवलं होतं, तरी मी ऐनवेळी मान वळवली आणि माझा चष्मा तिच्या गालावर आपटला. तिने तो काढला, हातात धरला आणि परत एकदा रीतसर केलं. तिचा श्वास गरम होता, त्याला चहाचा वास होता. मुक्ता मागे उभी राहून रडत होती. का ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, तिला भेटून रडतेय. विमानतळावर मला भेटून रडली नव्हती.

"आलीस एकदाची, सिस," हुहाना म्हणाली. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितेय, पण सिस हा शब्द तिचाच. तिथे बायका एकमेकींना असंच म्हणतात. मी आयुष्यभर सिस्टर होते, त्यामुळे मी ओ दिली.

मला मनापासून इच्छा होती की तिच्या घरात काहीतरी खोट निघावी. पण चपला बाहेर काढायच्या होत्या. ज्या टेबलावर जेवतात त्यावर बसायचं नाही, जेवणाची फडकी अंगाच्या कपड्यांत धुवायची नाहीत. माझ्या आईच्या घरचे नियम. मी बसायला उशी ओढली तर ती झोपायची उशी निघाली. हुहानाने ती हळूच काढून घेतली. "डोकं ठेवायची आहे, सिस. त्यावर बसत नाही आम्ही." मीच चुकले. तेही मुक्तासमोर.

रात्रीच्या जेवणाला नारळाच्या दुधात लिंबू पिळून मुरवलेला कच्चा मासा होता. हे शेजारच्या बेटांवरच्या लोकांकडून शिकले, असं ती म्हणाली. सोलकढीत मासे सोडल्यासारखं दिसत होतं. मी बेताने खाल्लं आणि मग परत घेतलं. मुक्ता भांडी कुठे ठेवायची हे न विचारता ठेवत होती. कुठला खण अडकतो आणि त्याला कुठे धक्का द्यावा लागतो हेही तिला माहीत होतं. वेंगुर्ल्याच्या घरी यायची तेव्हा ती मला विचारायची, "आई, चमचे कुठे गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. हुहाना म्हणाली, "चल, तुआतुआ काढू." तिच्या जुन्या, मागे उघड्या गाडीत तिघी बसलो आणि गाडी सरळ किनाऱ्यावर घातली. तिथला किनारा कायद्याने रस्ता आहे, गाड्या ओल्या वाळूवरून धावतात. एका बाजूला पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला तस्मान समुद्र, आणि पुढे किनारा संपतच नाही, धुक्यात विरून जातो. आमच्या वाळूशी तुलना करायचं मी सोडून दिलं. 

तुआतुआ म्हणजे आपल्या तिसऱ्यांची थोरली बहीण. पांढरी, गुळगुळीत शिंपली. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, टाचा वाळूत फिरवायच्या, तळव्याला कडक काही लागलं की वाकून उचलायचं. हुहाना मला शिकवायला लागली. मी तोवर मूठभर काढल्या होत्या.

ती थांबली. बघत राहिली. "कुठे शिकलीस?"

"माझ्या आईकडे. आम्ही पायाने नाही, बोटांनी शोधतो."

"दाखव."

मी दाखवलं. मग तिने तिची पहिली शिंपली उचलून लांब पाण्यात भिरकावली. पहिली समुद्राच्या देवाची असते, म्हणाली. मी म्हटलं, आम्ही त्याला नारळ देतो. तिने मान हलवली, नारळ जास्त चांगला, असं काहीसं. मग आम्ही दोघी वाकलो आणि काही न बोलता आमच्यात शर्यत लागली. माणशी किती काढायच्या याचा तिथे नियम आहे, तो मोडायचा नव्हता, पण आधी कुणाच्या होतात हे ठरायचं होतं. माझी पाठ मोडून आली तरी मी सरळ झाले नाही. मुक्ता काठावर उभी राहून दोघींचे फोटो काढत होती.

समुद्राकडे पाठ करायची नाही हे मी जन्मापासून जाणते. शर्यतीच्या नादात तेच विसरले. लाट कमरेत बसली, पाय सुटले, तोंडात खारं पाणी गेलं, आणि परतणारं पाणी मला आत ओढायला लागलं. सगळं एका क्षणाचं. हुहानाने माझा दंड धरला आणि खेचून उभं केलं. तिच्या हातात मजूर माणसाचं बळ होतं. मी खोकत उभी राहिले. चष्मा समुद्राने नेला.

मुक्ता किंचाळली होती. मला ती धूसर दिसत होती, पण एवढं दिसलं की ती धावत पाण्यापर्यंत आली आणि पाण्याच्या कडेला थांबली. पुढे आली नाही. दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. पट्टीची पोहणारी माझी पोर.

"ती येणार नाही," हुहाना माझ्या कानाशी म्हणाली. "त्या दिवसापासून पाण्यात उतरत नाही ती. तिच्यावर रागावू नकोस."

"कुठल्या दिवसापासून?"

हुहानाने माझ्याकडे बघितलं. तिचा हात अजून माझ्या दंडावर होता, तो सैल झाला. तिचा चेहरा बदलला तो मला चष्म्याशिवायही कळला.

"तिने तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. "मग मी सांगायचं नाही, सिस. तू तिला विचार."

घरी येऊन कोरडे कपडे घातले. हुहाना मागच्या अंगणात शिंपल्या पाण्यात वाळू सोडायला ठेवून, शेजाऱ्याकडे जाऊन येते म्हणाली. मुद्दाम गेली. मुक्ता पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं.

तिने सांगितलं ते असं. लग्न मोडल्याचा कागद ज्या आठवड्यात आला, त्या आठवड्यात ती एका संध्याकाळी इथल्याच खाडीत पोहायला उतरली. ओढ होती पाण्याला. ती लांब गेली. हुहाना खडकांवर शिंपले काढत होती. ती हिला फारशी ओळखत नव्हती, दुकानात औषध देणारी मुलगी एवढंच माहीत. तिने ओरडून दोन सर्फिंगवाल्या पोरांना पाठवलं, त्यांनी हिला फळीवर घालून आणलं. हुहानाने घोंगडीत गुंडाळलं, घरी आणलं आणि नंतर जाऊ दिलं नाही.

मी नर्स आहे. हा प्रश्न मी परक्या मुलींना विचारलेला आहे, सरळ, डोळ्यात बघून. माझ्या मुलीला मी तो वळसा घालून विचारला.

"पोहायला गेली होतीस ना?"

"पोहायलाच गेले होते आई." ती हाताच्या नखांकडे बघत होती. "पण परत फिरायची घाई नव्हती मला. खूप लांब आलोय हे कळत होतं, आणि वाटत होतं, असू दे."

मी तिचा हात धरला. 

"आता?"

"आता नाही. नंतर कधीच नाही. डॉक्टरकडेही जात होते. फाएआ सोडून यायची गाडीने."

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "मी पुढच्या विमानाने आले असते."

"म्हणूनच," मुक्ता म्हणाली. "तू आली असतीस आणि रात्रंदिवस माझ्याकडे बघत बसली असतीस. मग मला तुला सांभाळावं लागलं असतं. मी बरी आहे असं तुला दाखवावं लागलं असतं रोज. फाएआकडे मला कुणालाच सांभाळायचं नव्हतं. ती टीव्ही बघायची, मी रडायचे. रडून झालं की ती म्हणायची, बटाटे सोल."

हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिणं सोपं नाही. पोर जिवंत माझ्या शेजारी बसली होती, तिचा हात गरम होता. मला फक्त हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलंच. पण त्याच्या तळाशी दुसरंही होतं. माझ्या लेकीचं सगळ्यात वाईट जे काही होतं ते दुसऱ्या बाईला मिळालं होतं. मला फोनवरचा शांत आवाज मिळाला होता. मला ते वाईटसुद्धा हवं होतं.

संध्याकाळी मी तिसऱ्यांचं सुकं केलं. आमसुलं, नारळ, माझा मसाला. हुहाना चुलीशी उभी राहून बघत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या घरात ती मला विचारत होती, आता काय घालतेस. मी सांगत होते. मध्येच कढई उतरवून ठेवली आणि तिला म्हटलं, "थँक यू." एवढंच जमलं. इंग्रजीत याहून मोठा शब्द मला येत नव्हता आणि मराठीतही आला नसता.

तिने मान हलवली. म्हणाली, "मला तुझी भीती वाटत होती, सिस. वाटायचं, तिची आई एक दिवस येईल आणि विचारेल, तू कोण?"

"तेच विचारायला आले होते," मी म्हटलं.

ती इतकी हसली की मुक्ता आत बघायला आली.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा गाडीत गेल्या होत्या. मुक्ता तेल-पाणी बघत होती. हुहानाचा फोन वाजला. तिची मुलगी मेरे, ऑस्ट्रेलियात पर्थला असते. खाणीच्या कंपनीत कामाला आहे. व्हिडिओ कॉल होता. हुहानाने फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, मी तिच्या मागेच, चष्म्याशिवायही पडदा दिसेल इतक्या जवळ, चहाचे कप पुसत होते. मेरे आईसारखीच रुंद खांद्यांची, डोळे थकलेले. दोघी हवापाण्याचं बोलल्या. मग बाहेरून मुक्ताची हाक आली, "फाएआ, खणातलं जुनं फडकं घेतेय."

पडद्यावरच्या मुलीचा चेहरा गोठला. "ती परत आलीय का?" तिने विचारलं. "तिला सगळं माहीत असतं ना, कुठलं फडकं जुनं ते."

"मेरे," हुहाना म्हणाली. "बाळ."

"नाही आई, ठीक आहे. बरंय. कुणीतरी आहे तुझ्याजवळ."

तो शांत आवाज. मी कप खाली ठेवला. दुसऱ्याच्या फोनमध्ये तोंड घालायची मला सवय नाही, पण मी हुहानाच्या खांद्यावरून वाकले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत बोलले.

"मेरे, मी मुक्ताची आई. भारतातून आलेय. मुक्ताला मी घेऊन चालले आहे."

ती दचकून बघत राहिली.

"आणि ऐक. तुझ्या खोलीत मी झोपले. तुझ्या आईने मला तिथली एक वस्तू हलवू दिली नाही. तुझी शाळेतली कपाटावरची चित्रंसुद्धा नाही. मी झाडत होते तर म्हणाली, तिथे नको, ते मेरेचं आहे." हे खरं होतं. मला तेव्हा त्याचाही रागच आला होता. "तुझी आई माझ्या मुलीला बटाटे सोलायला लावते. तुझं नाव रोज घेते. मला माहीत आहे, लांबून असं दिसत नाही. मला पण दिसत नव्हतं."

 मेरेने चेहरा बाजूला वळवला आणि मग मोठा श्वास घेतल्याचा आवाज आला. हुहानाने फोन उचलून छातीशी धरला आणि आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. मुक्ताला मी म्हटलं, घाई करू नकोस, थांबू आपण. आम्ही बराच वेळ गाडीशी उभ्या राहिलो. समोर भरती चढत होती.

हुहाना बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.  कपाळाला कपाळ टेकवलं. या वेळी मी मान वळवली नाही, आणि चष्माही नव्हता.

परत येऊन मला आता तीन महिने होतील. मेरे गेल्या आठवड्यात रजा काढून आहिपाराला आली. मुक्ताही गेली होती. तिने फोटो पाठवला. तिघी पायरीवर बसल्यात, हुहाना मध्ये, दोन्ही हात दोघींच्या गळ्यात. मुक्ताचे केस ओले आहेत. अंगात पोहण्याचा पोशाख, खांद्यावर टॉवेल.

मी फोटो मोठा करून परत परत बघितला. केस खरंच ओले होते. पाण्यात कुणी उतरवलं तिला, कुणी हात धरला असेल, ते फोटोत दिसत नाही. मी विचारलंही नाही. नवऱ्याला दाखवला. तो चष्मा लावून बघत म्हणाला, "छान हसतेय गं पोरगी."

"हो," मी म्हटलं. "ती ओल्या केसांची. मधल्या बाईकडे नाही बघायचं."